साहेबाचा नाताळ आणि कारकुनाची सुट्टी

डिसेंबरचा दुसरा आठवडा आला की पुण्या-मुंबईच्या ऑफिसांमध्ये एक ठरावीक चर्चा सुरू होते. यंदा ख्रिसमस पार्टीचं काय करायचं? सिक्रेट सांता, लाल टोप्या, केक, कुठल्यातरी हॉटेलात बुफे, हे सगळं दरवर्षीचंच झालंय. कोणी दारू पीत नाही, कोणी शाकाहारी असतं, कोणाला साडेसहाची लोकल गाठायची असते, आणि ज्याच्या घरी नाताळ खरोखरच सण असतो त्याला त्या दिवसांत ऑफिसात थांबायचंच नसतं. मग 'या वर्षी काहीतरी वेगळं करू या' असं ठरतं, चार जणांची समिती होते, एक्सेल शीट फिरते आणि शेवटी बहुतेक वेळा बुफेच होतो.

माझं पीएचडीचं काम या चर्चेच्या अगदी जवळून जातं, म्हणून ही पोस्ट. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि मग विज्ञानाच्या इतिहासाकडे वळले. भारतातल्या वैज्ञानिक परिषदा कधी, कुठे आणि कोणाच्या सोयीने भरत आल्या, हा माझा विषय. प्रयोगशाळेची सवय सुटत नाही, त्यामुळे इतिहासातही मी आधी आकड्यांचा तक्ता करते. परिषदांच्या तारखांचा तक्ता करायला घेतला आणि एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून या देशातल्या सभा-परिषदांची एकच झुंबड उडालेली दिसते, ती २५ डिसेंबर ते पहिल्या जानेवारीच्या मधल्या आठवड्यात. साहेब जेव्हा नाताळ साजरा करत होता, तेव्हा त्याच्या कचेरीतला, कोर्टातला, कॉलेजातला हिंदी माणूस काय करत होता, त्याचं उत्तर या तक्त्यात आहे.

आधी त्या काळच्या कचेरीतला नाताळ कसा असायचा ते बघू.

विलायतेत ऑफिस पार्टीचं सगळ्यांत प्रसिद्ध चित्र डिकन्सने १८४३ मध्ये 'अ ख्रिसमस कॅरल'मध्ये रंगवलं. त्यात फेझिविग नावाचा मालक नाताळच्या आदल्या संध्याकाळी गोदाम बंद करतो, टेबलं बाजूला सरकवतो आणि उमेदवारांपासून स्वयंपाकिणीपर्यंत सगळ्यांना नाचायला बोलावतो. त्याच पुस्तकातला स्क्रूज मात्र आपल्या कारकुनाला एका दिवसाची भरपगारी सुट्टी देतानाही कुरकुरतो. म्हणजे मालक आणि नोकर एका खोलीत येऊन नाताळ करतात ही कल्पना तिकडे तरी होती.

हिंदुस्थानातल्या कचेरीत ती खोली नव्हती. मुंबईतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा आणि पेढीवाल्यांचा नाताळ घरी, जिमखान्यात नाहीतर भायखळा क्लबात व्हायचा, आणि त्या क्लबात हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. कलकत्त्यात त्या आठवड्यात घोड्यांच्या शर्यती, व्हाइसरॉय कप, मेजवान्या, नाच अशी धामधूम असे. हिंदी कारकून, कंत्राटदार, जमीनदार यांच्यासाठी या उत्सवाचं एकच दार उघडं होतं आणि ते बंगल्याच्या व्हरांड्यात उघडायचं. त्या प्रथेचं नाव 'डाली'. उत्तरेत नाताळला 'बडा दिन' म्हणत. त्या दिवशी फळं, फुलं, मिठाई, केक यांनी भरलेली तबकं घेऊन लोक साहेबाच्या बंगल्यावर हजर होत. १८८६ मध्ये निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात 'डाली' आणि 'बडा दिन' या दोन्हींची नोंद आहे. तबकात फळांखाली काय काय सरकवलं जाई याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. सरकारी नोकरांनी भेटी घेऊ नयेत असे नियम होते, पण फळं-फुलं अशा किरकोळ वस्तूंना सूट होती. त्या सुटीत हत्ती मावत असणार.

उलट दिशेने पोस्त जायची. आपल्याकडे दिवाळीची पोस्त मागतात तशी पट्टेवाले, टपालवाले, माळी, हमाल साहेबाकडे नाताळची मागत. डाली खालून वर, पोस्त वरून खाली. बरोबरीने बसून खायचं-प्यायचं असं त्या व्यवहारात काहीच नव्हतं.

हे सगळ्यांनाच लागू नव्हतं हेही इथेच सांगायला हवं. मुंबईतले ईस्ट इंडियन, गोव्याहून आणि मंगळुराहून आलेले ख्रिस्ती कारकून यांना नाताळ साहेबाकडून उसना घ्यायचा नव्हता. आपण मराठीत 'नाताळ' म्हणतो तो शब्दच पोर्तुगिजांकडून, गोव्या-वसईच्या वाटेने आलाय. त्यांच्या घरी त्या दिवशी सण असायचा, ऑफिसात कोणी काही करो वा न करो.

तर, साहेबाच्या पार्टीत जागा नाही, पण साहेबाच्या सणामुळे मिळालेली सुट्टी मात्र हातात. मराठीत आपण रजा आणि सुट्टी असे दोन वेगळे शब्द वापरतो. सुट्टी सगळ्यांना आपोआप मिळते. रजा मागावी लागते, कारण सांगावं लागतं, आणि साहेब ती नाकारू शकतो. मामलेदार कचेरीतल्या अव्वल कारकुनाने १८८५ साली 'मला राजकीय सभेला जायचंय' म्हणून रजेचा अर्ज टाकला असता तर काय झालं असतं, याची कल्पना करा. सुट्टीत मात्र तो कुठे जातो हे विचारायचं फारसं कारण नव्हतं.

या सुट्टीमागे कायद्याचा एक भाग आहे, आणि तो मला फार आवडतो कारण तो अतिशय रूक्ष आहे. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट हा चेक, हुंड्या, वचनचिठ्ठ्या यांचा कायदा. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर पैसे कधी द्यायचे, हा त्यातला प्रश्न. कलम २५ ने उत्तर दिलं की आधीच्या कामकाजाच्या दिवशी. पण मग सुट्टी म्हणजे काय ते सांगणं आलं. मूळ कलमात नावं घेऊन सांगितलेल्या सुट्ट्या अशा होत्या: रविवार, पहिली जानेवारी, नाताळ, गुड फ्रायडे. नाताळ किंवा पहिली जानेवारी रविवारी आली तर पुढचा सोमवारही. बाकी दिवाळी, ईद, होळी, पतेती हे सगळं 'स्थानिक सरकार जाहीर करील तो दिवस' या शेपटात. आजही महाराष्ट्र सरकार दरवर्षी सुट्ट्यांची यादी याच कायद्याखाली काढतं. कलमातली नाताळ-गुड फ्रायडेची नावं मात्र स्वातंत्र्यानंतर गळाली.

कायद्याने दोन टोकांना दोन खुंटे मारून दिले, २५ डिसेंबर आणि १ जानेवारी. मधल्या दिवसांत हायकोर्टं बंद, कॉलेजं बंद, कचेऱ्यांत शुकशुकाट. शिवाय सुट्टीची गंमत अशी की ती सगळ्या देशात एकाच वेळी होती. दिवाळी मुंबईत मोठी तर दुर्गापूजा कलकत्त्यात आणि पोंगल मद्रासेत. मुंबईचा वकील, कलकत्त्याचा बॅरिस्टर आणि मद्रासचा संपादक हे तिघे एकाच वेळी मोकळे असतील असा आठवडा हिंदी पंचांगात सापडत नव्हता. तो सापडला साहेबाच्या कॅलेंडरात. आणि तोवर रेल्वेही जोडली गेली होती. मुंबई-कलकत्ता १८७० मध्ये आणि मुंबई-मद्रास रायचूरमार्गे १८७१ मध्ये. तीन दिवस सभा आणि दोन्हीकडचा प्रवास असं सगळं त्या आठवड्याच्या आगेमागे बसत होतं.

ॲलन ह्यूम यांनी काढलेल्या पहिल्या पत्रकात तारखा स्पष्ट होत्या: २५ ते ३१ डिसेंबर १८८५, स्थळ पुणे. सार्वजनिक सभेने व्यवस्था अंगावर घेतली होती आणि पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांच्या बागेत, म्हणजे हिराबागेत, पाहुण्यांची सोय होणार होती. ऐनवेळी पुण्यात पटकीचे रोगी आढळले आणि सगळा बाडबिस्तरा मुंबईला हलला, गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात. सोमवार, २८ डिसेंबर, दुपारी बारा वाजता ७२ प्रतिनिधींची सभा सुरू झाली. काँग्रेसचा, त्या वेळच्या मराठीत 'राष्ट्रीय सभे'चा, हा जन्म. पुणेकरांच्या हातून एक मोठी गोष्ट निसटली याची चुटपुट मला पुणेकर नसूनही लागते.

त्या सभेच्या छापील अहवालात एक जागा आहे जिथे मी बराच वेळ थांबले. प्रतिनिधींच्या यादीशिवाय काही जणांची वेगळी नोंद आहे. हे लोक हजर होते, ऐकत होते, सल्ला देत होते, पण प्रतिनिधी नव्हते. त्यात महादेव गोविंद रानडे आहेत, तेव्हा पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश. मद्रासचे दिवाणबहादूर रघुनाथ राव आहेत, डेप्युटी कलेक्टर. प्रोफेसर रा. गो. भांडारकर आहेत. सगळे सरकारी पगारावरचे. सुट्टी त्यांची होती, पण नोकरी सुट्टीतही अंगाला चिकटलेली होती. म्हणून ते सभेत असूनही सभेचे नव्हते.

सरकारच्या हे लक्षात आलं नसेल असं नाही. १८९० च्या कलकत्ता अधिवेशनाच्या वेळी संयोजकांनी बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरकडे शिष्टाचार म्हणून सात प्रवेशपत्रिका पाठवल्या. चिटणिसाने त्या परत केल्या आणि कळवलं की सरकारी नोकरांनी अशा सभेला नुसतं बघे म्हणून जाणंही इष्ट नाही. गदारोळ झाला. मग व्हाइसरॉय लॅन्सडाउनकडून खुलासा आला की राष्ट्रीय सभेची चळवळ पूर्ण कायदेशीर आहे, पण सरकारी नोकरांनी तिच्यात भाग घ्यायचा नाही. थोडक्यात, नाताळच्या सुट्टीत तुम्ही काय करता यावर साहेबाची नजर होतीच.

रानड्यांनी यातून वाट काढली. राजकारण नको ना, मग समाजसुधारणा. १८८७ साली मद्रासला, राष्ट्रीय सभेच्याच आठवड्यात, त्यांनी आणि रघुनाथ रावांनी 'सामाजिक परिषद' सुरू केली. विधवाविवाह, बालविवाह, स्त्रीशिक्षण हे विषय. न्यायाधीश असूनही रानडे तिथे उघडपणे बोलू शकत होते. राष्ट्रीय सभेचं कामकाज संपलं की त्याच मांडवात, त्याच खुर्च्यांवर, जवळजवळ त्याच श्रोत्यांपुढे परिषद भरे. मांडवाचा खर्च वाचे, आणि देशभरच्या लोकांना दुसऱ्यांदा आगगाडीत बसावं लागत नसे. कंजूष आयोजनाचा हा नमुना आजच्या कुठल्याही समितीने बघून ठेवावा असा आहे.

पण मांडव एक आणि माणसं तीच असली तरी पैसे कोणी दिले, हा प्रश्न कधीतरी उपटणारच होता. तो उपटला पुण्यात.

१८९५ चं अधिवेशन पुण्याला, अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी. दहा वर्षांपूर्वी हुकलेली संधी आता आली होती. टिळकांच्या बाजूचं म्हणणं असं की राष्ट्रीय सभेला वर्गणी देणारे सगळे लोक सुधारक नाहीत. सनातनी माणसानेही पैसे दिलेत. त्याच्या पैशांनी उभ्या राहिलेल्या मांडवात त्याच्या धर्मावर टीका का व्हावी? सुधारकांचं म्हणणं, गेली आठ वर्षं हीच पद्धत चाललीय, पुण्यातच ती मोडायची का? प्रकरण इतकं तापलं की मांडव पेटवून देण्याची भाषा झाली. शेवटी रानड्यांनी माघार घेतली आणि सामाजिक परिषद दुसऱ्या जागी भरवली. तेव्हा ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते. म्हणजे कोर्टाला नाताळची सुट्टी म्हणूनच पुण्यात त्या आठवड्यात हजर.

हा वाद पाठ्यपुस्तकांत टिळक विरुद्ध रानडे, राजकीय विरुद्ध सामाजिक असा येतो, आणि ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक साधी गोष्ट दिसते. आठवडा एकच होता. दोन सभांना वेगवेगळे आठवडे मिळाले असते तर मांडवाचा प्रश्न आलाच नसता. पण नोकरदार मध्यमवर्गाच्या हातात वर्षातून एकच असा तुकडा होता आणि त्यात स्वराज्यापासून सोवळ्यापर्यंत सगळं कोंबायचं होतं. टिळकांची बाजू मला फारशी पटत नाही. वर्गणीदाराला मांडवातल्या भाषणांवर नकाराधिकार दिला तर मांडवात बोलायला काय उरतं? तरीही 'वर्गणी सगळ्यांची, कार्यक्रम काहींचा' ही तक्रार ओळखीची वाटते, हेही खरं.

एकदा वाट पडल्यावर गर्दी झालीच. राष्ट्रीय सभेला कडाडून विरोध करणाऱ्या सर सय्यद अहमद खान यांनीही आपली मुस्लिम शैक्षणिक परिषद डिसेंबर १८८६ मध्ये सुरू केली ती याच आठवड्यात. तिच्याच ढाक्याच्या बैठकीला जोडून ३० डिसेंबर १९०६ रोजी मुस्लिम लीग जन्मली. १९०५ मध्ये बनारसला रमेशचंद्र दत्तांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक परिषद भरली, तीही राष्ट्रीय सभेला लागून. कम्युनिस्टांची कानपूरची पहिली परिषद १९२५ च्या डिसेंबरअखेरची. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या चळवळींचं तारखेवर मात्र एकमत होतं.

तक्त्याकडे परत येते. १८८५ ते १९२९ पर्यंतच्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत सुरुवातीचा दिवस बहुतेक वेळा २६, २७ किंवा २८ डिसेंबर असतो. २५ तारीख टाळलेली दिसते. १९०२ चं अहमदाबाद अधिवेशन २३ लाच सुरू होऊन नाताळ ओलांडून गेलं, पण तो अपवाद. २५ चा दिवस प्रवासाचा, आणि ख्रिस्ती मंडळींसाठी घरचा. अशी मंडळी राष्ट्रीय सभेत होतीच. १८८९ च्या मुंबई अधिवेशनात काही स्त्रिया प्रतिनिधी म्हणून आल्या, काशीबाई कानिटकर आणि पंडिता रमाबाई त्यांत होत्या. अधिवेशन सुरू झालं २६ ला. रमाबाई तेव्हा ख्रिस्ती होत्या, म्हणजे आदल्याच दिवशी त्यांचा सण झालेला. (त्या वर्षीच्या प्रतिनिधींची संख्या १८८९! सन १८८९, प्रतिनिधी १८८९. तक्ता करताना मला वाटलं मी एक रकाना दुसऱ्यात चिकटवलाय. नाही, आकडा खरा आहे.)

आता या सगळ्यात कोण नव्हतं ते बघा. मुंबईच्या गिरण्यांमध्ये आठवड्याची एक सुट्टी मिळवण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना कित्येक वर्षं झगडावं लागलं, आणि रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० ला, राष्ट्रीय सभेची पाच अधिवेशनं होऊन गेल्यावर. गिरणी कामगाराला नाताळचा आठवडा नव्हता. शेतकऱ्याला तर तो रब्बीच्या राखणीचा काळ. राष्ट्रीय सभेत शेतकरी आणि शूद्रातिशूद्र कुठे आहेत, हा जोतीराव फुल्यांचा आक्षेप जातीचा आणि सत्तेचा होता. त्याचं एक छोटं उत्तर सुट्ट्यांच्या यादीतही सापडतं. ज्या माणसाला कलम २५ लागू होतं त्याच्या सोयीने सभा भरत होती.

मग १९२७ चा नाताळ. हा एक आठवडा मी वेगळ्या पानावर लिहून ठेवलाय.

मद्रासला २६ ते २८ डिसेंबर राष्ट्रीय सभेचं अधिवेशन होतं. त्याला जोडून अखिल भारतीय संगीत परिषद झाली, आणि तिच्यातून पुढच्या वर्षी मद्रास म्युझिक ॲकॅडमी उभी राहिली. चेन्नईत आज डिसेंबरभर कर्नाटक संगीताचा जो प्रचंड मोसम चालतो त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे. नाताळच्या पार्टीला काढलेल्या सगळ्या पर्यायांत हा बहुधा सगळ्यांत सुरेल.

त्याच आठवड्यात, कोकणात महाडला, दुसरी परिषद होती. मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी पिऊन झालं होतं. आता डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचा होता. सवर्णांनी १२ डिसेंबरला कोर्टात दावा लावला आणि १४ ला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. डॉ. आंबेडकर २४ ला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, दासगाव बंदरात उतरले आणि तिथून सगळे पायी महाडला पोचले. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळण्यात आली. दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. मनाईहुकूम असल्याने तळ्यावर जाणं पुढे ढकललं, परिषद २७ पर्यंत चालली.

राष्ट्रीय सभा जी तारीख चाळीस वर्षं प्रवासाला सोडत आली होती, ती महाडने कामाला लावली. मुंबईचे कामगार, लष्करातले पेन्शनर, शाळामास्तर, खेड्यापाड्यातली माणसं महाडला आली ती बोटीने आणि पायी. २५ डिसेंबर म्हटलं की आज महाराष्ट्रात लाखो घरांत नाताळच्या आधी मनुस्मृती दहन आठवतं. त्या दिवसाला दुसरा अर्थ देण्याचं काम कुठल्या पार्टी समितीला जमलं नसतं.

दोन वर्षांनी लाहोर. ३१ डिसेंबर १९२९ च्या मध्यरात्री रावीच्या काठी पूर्ण स्वराज्याचा झेंडा लागला, हे आपण शाळेत शिकतो. त्याच अधिवेशनातला आणखी एक ठराव शाळेत शिकवत नाहीत, आणि माझ्या तक्त्यासाठी तोच मोठा. काँग्रेसने ठरवलं की यापुढे वार्षिक अधिवेशन डिसेंबरअखेर भरवायचं नाही, फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये भरवायचं. कारण दिलंय ते वाचण्यासारखं आहे. ही गरीब जनतेची प्रतिनिधी संस्था आहे, आणि डिसेंबरच्या थंडीत यायचं तर गरिबाला गरम कपड्यांचा जादा खर्च पडतो. सूचना गांधींची. लाहोरच्या डिसेंबरात तंबूत राहिलेल्या माणसाला हा मुद्दा फार समजावून सांगावा लागला नसेल.

वकिलाकडे कोट असतो. त्याच्या दृष्टीने नाताळचा आठवडा सोयीचा, कारण कोर्ट बंद. शेतकऱ्याला कोर्टाच्या सुट्टीशी देणंघेणं नाही, त्याला थंडी वाजते. चव्वेचाळीस वर्षं वकिलाची सोय बघितली गेली आणि १९२९ मध्ये पहिल्यांदा कोणीतरी घोंगडीचा हिशेब केला. यामुळे काँग्रेस एका रात्रीत शेतकऱ्यांची झाली असं मला म्हणायचं नाही. पण आपल्या सभेला कोण यावं असं आपल्याला वाटतं, ते तारखेवरून जितकं कळतं तितकं भाषणांवरून कळत नाही.

नोकरदारांना मात्र अगदीच वाऱ्यावर सोडलं नव्हतं. पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा देशभर घ्यायची ठरली तेव्हा दिवस निवडला जानेवारीतला शेवटचा रविवार. १९३० साली तो २६ तारखेला आला. प्रजासत्ताक दिनाची तारीख अशी एका साप्ताहिक सुट्टीतून आलेली आहे.

ठरावाप्रमाणे पुढचं अधिवेशन कराचीला मार्च १९३१ मध्ये झालं. नंतर हरिपुरा फेब्रुवारीत, त्रिपुरी आणि रामगढ मार्चमध्ये. मध्ये एकदाच गाडी जुन्या रुळावर आली, आणि तेही आपल्या खानदेशात. फैजपूर, २७ आणि २८ डिसेंबर १९३६. प्रांतिक निवडणुका तोंडावर होत्या, लखनौचं अधिवेशन एप्रिलमध्येच होऊन गेलं होतं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच सामानातून 'टिळकनगर' सजवलं. मांडवात हायकोर्टाच्या वकिलांबरोबर शेतकरी बसले होते, आठवडा नाताळचा होता, आणि खानदेशातली डिसेंबरची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना घोंगड्यांबद्दल वेगळं सांगायला नको.

वैज्ञानिक परिषदांचं काय झालं, हा माझा मूळ प्रश्न अजून राहिलाय. सायन्स काँग्रेसची पहिली बैठक १५ ते १७ जानेवारी १९१४ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीत झाली. सुरू करणारे सायमन्सन आणि मॅकमहॉन हे दोघेही रसायनशास्त्राचे प्राध्यापक, अध्यक्ष आशुतोष मुखर्जी. पुढे ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सरकत गेली आणि ३ जानेवारी ही तिची जवळजवळ ठरलेली तारीख झाली. नाताळच्या सुट्टीच्या शेपटाला ती कशी येऊन चिकटली, ते पुढच्या पोस्टमध्ये. तोवर तुमच्या ऑफिसात यंदा काय ठरतंय ते कमेंटमध्ये जरूर लिहा, आणि तारीख कोणी ठरवली तेही.